प्रेतांची चौकशी

इ. स. १७१८ मध्ये पासारोविट्झ येथे तह झाला आणि उत्तर सर्बियाचा मुलूख ऑटोमन तुर्कांच्या हातून ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटाकडे आला. नव्या मुलखाबरोबर नवी प्रजा आली आणि प्रजेबरोबर तिच्या समजुतीही आल्या. पुरलेले प्रेत रात्री उठते, आप्तांच्या व शेजाऱ्यांच्या उरावर बसून त्यांचे रक्त शोषते आणि त्याचे बळी पुढे त्याच्याचसारखे होतात, अशी तेथील खेड्यांची दृढ श्रद्धा होती. या प्रेताला काही ठिकाणी 'व्हँपायर' म्हणत, तर काही ठिकाणी 'वुकोद्लाक'. या दुसऱ्या शब्दाच्या पोटात लांडगा दडलेला आहे. लांडग्याचे रूप घेणारा माणूस आणि रक्त पिणारे प्रेत या दोन कल्पना बाल्कन प्रदेशात एकाच नावाखाली नांदत होत्या. आजच्या कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी त्यांना परस्परांचे वैरी बनविले असले, तरी मुळात त्यांचे गोत्र एकच होते.

१७२५ साली किसिल्येवो या गावी पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मरण पावला. त्यानंतर आठ दिवसांत आणखी नऊ माणसे दगावली. पेतारने झोपेत येऊन आपला गळा दाबला, असे त्यांनी मरतेसमयी सांगितल्याचे लोक म्हणू लागले. गावकरी त्या भागाचा कारभार पाहणाऱ्या फ्रोम्बाल्ड नावाच्या अधिकाऱ्याकडे गेले आणि कबर उघडण्याच्या वेळी त्याने जातीने हजर राहावे, असा हट्ट त्यांनी धरला. प्रथम बेलग्रेडहून वरिष्ठांची अनुज्ञा मागवावी, असे फ्रोम्बाल्डचे म्हणणे होते. अनुज्ञा येईतो सारे गाव नष्ट होईल, तेव्हा आम्ही घरेदारे सोडून निघून जाऊ, असे गावकऱ्यांनी बजावले. अधिकाऱ्याचा नाइलाज झाला. तो एका धर्मोपदेशकास घेऊन गावी गेला. प्रेत बरेचसे ताजे दिसले. जुनी नखे गळून नवी आली आहेत आणि तोंडात रक्त आहे, अशी नोंद त्याने केली. लोकांनी प्रेताच्या छातीत अणकुचीदार खुंट ठोकला आणि ते जाळून टाकले. या प्रकारात काही चूक झाली असेल, तर तिचा दोष भीतीने बेभान झालेल्या जमावाला द्यावा, आपणास देऊ नये, अशी विनंती फ्रोम्बाल्डने अहवालाच्या शेवटी केली. हा अहवाल त्याच वर्षी व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापला गेला.

सहा वर्षांनी मेद्वेजा या सरहद्दीवरील गावात याहून मोठा प्रकार घडला. आर्नोल्ड पाओले नावाचा सरहद्दीवरील शिपाई काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मेला होता. नव्या मृत्यूंचे मूळ लोकांनी त्याच्याशी जोडले. प्रथम साथीच्या रोगांचा एक वैद्य पाठविण्यात आला. त्याला संसर्गजन्य रोगाचे चिन्ह आढळले नाही. कडक उपवास व अपुरे अन्न यांकडे मात्र त्याने बोट दाखविले. गावकऱ्यांचे समाधान झाले नाही. म्हणून जानेवारी १७३२ मध्ये योहान फ्ल्यूकिंगर हा लष्करी शल्यचिकित्सक सहकाऱ्यांसह तेथे गेला. कबरी एकामागून एक उघडण्यात आल्या. जी प्रेते कुजली होती ती पुन्हा पुरली. जी टवटवीत दिसली त्यांची शिरे छाटून ती जाळली व राख मोरावा नदीत टाकली. अहवालावर तिघा शल्यचिकित्सकांनी सह्या केल्या आणि दोघा लष्करी अधिकाऱ्यांनी साक्ष घातली.

या पाच सह्यांनी जे केले, ते शेकडो वर्षांच्या दंतकथांना साधले नव्हते. गावकऱ्यांचे भय आता सरकारी कागदावर आले होते. तो अहवाल जर्मन प्रदेशांत छापला गेला, विद्यापीठांतून त्यावर प्रबंध निघाले आणि त्याच वर्षी 'व्हँपायर' हा शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत पोहोचला. फ्ल्यूकिंगर खोटे बोलला नव्हता. डोळ्यांना दिसले ते त्याने लिहिले. उणीव होती ती ज्ञानाची. मृत शरीरात वायू साठून ते फुगते, त्या दाबाने तांबूस द्रव तोंडावाटे बाहेर येतो, वरची कातडी व नखे सुटून खालचा कोवळा थर दिसतो आणि थंड मातीत हे सारे अतिशय मंद गतीने घडते, हे आज वैद्यकाला ठाऊक आहे.

१७५५ साली मोरेव्हिया व सायलेशिया यांच्या सीमेवरील हर्मर्सडॉर्फ गावी रोझिना पोलाकिन या स्त्रीचे प्रेत उकरून जाळण्यात आले. ही वार्ता ऐकून सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने दोन वैद्य चौकशीस धाडले आणि आपला राजवैद्य गेरार्ड व्हान स्विटेन याचा अभिप्राय मागविला. लायडनच्या परंपरेत शिकलेल्या या डच वैद्याने हिवाळ्यातील थंडी, घट्ट माती व बंद शवपेटी ही कारणे पुढे ठेवली आणि मृतांच्या विटंबनेबद्दल तीव्र संताप व्यक्त केला. निर्दोष माणसांच्या अस्थींनाही विश्रांती मिळू नये, याची त्याला लाज वाटली. त्याच वर्षी मार्चमध्ये सम्राज्ञीचा हुकूम निघाला: अशा प्रकरणी धर्माधिकाऱ्यांनी परस्पर काही करू नये, सरकारला कळवावे आणि वैद्याकडून तपासणी व्हावी.

पुढे १८१९ मध्ये जॉन पोलिडोरीने आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने या प्रेताला सरदारी पोशाख चढविला. दरम्यान १८७० साली रिचर्ड बर्टनने विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना वेताळालाही 'व्हँपायर' म्हटले. हे नाव त्याला शोभत नाही. कोकण-गोव्यात वेताळ गावाचा राखणदार आहे आणि कथेत तो राजाला न्यायाचे प्रश्न विचारतो.

असाच एक प्रश्न किसिल्येवोच्या अधिकाऱ्यापुढेही उभा होता. भ्यालेली प्रजा दाराशी आली असता राज्यकर्त्याने तिच्या भयावर शिक्का मारावा, की त्या भयाचे कारण शोधावे? फ्रोम्बाल्डने आपल्या बचावाची तजवीज केली. व्हान स्विटेनने कारण शोधले. पहिल्या कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंत तीस वर्षे लोटली. तेवढ्या काळात ज्यांच्या कबरी फोडल्या गेल्या, त्यांत बहुतेक साधी खेडवळ माणसे होती, आणि त्यांचा अपराध एवढाच, की शेजाऱ्यांच्या आधी त्यांना मरण आले.