तारापूर : अणुवीज केंद्राच्या विसर्गाची स्वतंत्र तपासणी

अणुवीज केंद्रातून शुद्ध करून बाहेर सोडलेले पाणी निर्धोक आहे की नाही, हे केंद्राशी हितसंबंध नसलेल्या यंत्रणेने ठरवणे म्हणजे स्वतंत्र तपासणी. अशा यंत्रणेने नमुने स्वतः घ्यावेत, स्वतःच्या प्रयोगशाळेत मोजावेत आणि आकडेही स्वतःच प्रसिद्ध करावेत, ही त्यातली किमान अट. महाराष्ट्रात वीजनिर्मिती करणारे अणुकेंद्र तारापूर येथे आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तारापूर ठाणे जिल्ह्यात होते, म्हणजे शहापूरजवळचे, भातसा नदीकाठचे सापगाव आणि अरबी समुद्राकाठचे हे केंद्र एकाच जिल्ह्याच्या नकाशावर होते.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. ऑक्टोबर 1969 मध्ये त्यांची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली आणि भारतातले पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले. 540 मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या भारतीय बनावटीच्या, जड पाण्यावर चालणाऱ्या. त्यांतली चौथी 2005 मध्ये आणि तिसरी 2006 मध्ये कामाला लागली. भट्टीच्या जातीनुसार विसर्गाचा स्वभावही बदलतो. जुन्या भट्ट्यांच्या सांडपाण्यात सीझियम-137 आणि कोबाल्ट-60 यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते. जड पाण्याच्या भट्टीत मुख्य प्रश्न ट्रिटियमचा असतो. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊ असल्यामुळे तो पाण्याच्या रेणूतच जाऊन बसतो आणि नेहमीच्या गाळणीला किंवा रासायनिक प्रक्रियेला दाद देत नाही. त्याचे अर्धआयुष्य 12.3 वर्षे, सीझियम-137 चे सुमारे 30 वर्षे.

केंद्रातले कमी तीव्रतेचे सांडपाणी टाक्यांत साठवतात, प्रक्रिया करतात, नमुना तपासतात आणि मगच यंत्रे थंड करून परतणाऱ्या समुद्राच्या पाण्यात मिसळून सोडतात. हे पाणी थेट अरबी समुद्रात जाते. भातसा नदी मात्र उल्हासच्या खोऱ्यातली. तिचे पाणी पिसे येथे उचलून पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होते आणि मुंबईला जाते. तारापूरच्या विसर्गाचा आणि या पाण्याचा संबंध येत नाही. शहापूर-मुरबाडच्या माणसाशी संबंध येऊ शकतो तो नदीच्या वाटेने नव्हे, ताटाच्या वाटेने.

तारापूरला पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे आणि ती अणुभट्टी सुरू होण्याच्या आधीपासूनची आहे. भट्टी पेटण्यापूर्वीचा किरणोत्सार मोजून ठेवला नाही तर नंतरचा आकडा कशाशी ताडायचा? ही दूरदृष्टी ज्यांनी दाखवली त्यांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राची आहे, वीज केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनची नाही. सुमारे 30 किलोमीटरच्या परिघातले समुद्राचे पाणी, गाळ, शेवाळ, मासे, दूध, भाजी, धान्य असे नमुने ती गोळा करते. सीझियम समुद्राच्या पाण्यात फार विरळ असते, म्हणून बरेच लिटर पाणी घेऊन रासायनिक पद्धतीने ते एकवटावे लागते; मग शिशाच्या जाड आवरणातल्या गॅमा मोजणीयंत्रावर नमुना तासन्‌तास ठेवतात. ट्रिटियमसाठी पाणी ऊर्ध्वपातित करून खास चमकणाऱ्या द्रावणात मिसळतात आणि अंधाऱ्या कप्प्यात त्याचे प्रकाशकण मोजतात.

मोजणी कशी अवघड असते, हे बोंबलावरून नीट कळते. ओल्या बोंबलात सुमारे नव्वद टक्के पाणीच असते. मासळी सुकवायच्या वलांडीवर वाळवल्यावर पाणी उडते, सीझियम मात्र मांसातच राहते, त्यामुळे एक किलो सुक्या बोंबलातला आकडा एक किलो ओल्यापेक्षा कित्येक पट जास्त दिसतो. ट्रिटियमचे उलटे: पाण्यातला ट्रिटियम वाळताना निघून जातो, फक्त सेंद्रिय रेणूंना चिकटलेला भाग मागे राहतो. म्हणून अहवालात ‘माशातला किरणोत्सार’ एवढेच लिहून भागत नाही. मासा ओला होता की सुका, आणि खाणारा तो किती खातो, हेही लिहावे लागते. किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांच्या आहारात मासे सर्वांत जास्त, म्हणून किरणोत्साराच्या मात्रेचा हिशेब त्यांच्यापासूनच सुरू करायचा असतो. पण सुके बोंबील आणि सुकट डोंगरापलीकडच्या आठवडी बाजारांतही पोचतात. सापगाव तारापूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या परिघाच्या बाहेर. बाजाराच्या परिघात मात्र ते आहे. तिथल्या गिऱ्हाइकाने घाबरण्याचे कारण नाही, पण आकडा मागण्याचा त्याचा हक्क मच्छीमाराइतकाच आहे.

आकडे कोण सांगते? अणुऊर्जा नियामक परिषद 15 नोव्हेंबर 1983 रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थापन झाली. तिच्या नियमानुसार केंद्रामुळे सामान्य माणसाला वर्षाला 1 मिलिसिव्हर्टहून जास्त मात्रा मिळता कामा नये. नैसर्गिक आणि वैद्यकीय किरणोत्सार यात धरत नाहीत. परिषदेच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक केंद्राचा विसर्ग परवानगीच्या किती टक्के होता, हे दिलेले असते आणि ते टक्के सहसा मर्यादेच्या बरेच खाली असतात. या आकड्यांवर अविश्वास दाखवण्याची गरज नाही. प्रश्न रचनेचा आहे. केंद्र चालवणारी कंपनी आणि मोजणारी प्रयोगशाळा, दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली आहेत, आणि परिषद उत्तर देत आली ती अणुऊर्जा आयोगाला, ज्याचा अध्यक्ष त्याच विभागाचा सचिव असतो. 2012 च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी याच दुबळ्या दर्जावर बोट ठेवले. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पाहणी पथकानेही परिषदेचे स्वातंत्र्य कायद्यात नोंदवण्याची शिफारस केली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या अणुकायद्यात परिषदेला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आली.

तारापूरला आणखी एक गुंतागुंत आहे. वीज केंद्राशेजारीच भाभा केंद्राचे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारे प्रकल्प आहेत. त्यांतल्या नव्या प्रकल्पाचे उद्घाटन तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते जानेवारी 2011 मध्ये झाले. एप्रिल 2000 च्या आदेशाने भाभा केंद्राचे प्रकल्प परिषदेच्या देखरेखीतून काढून भाभा केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे दिले गेले. म्हणजे एकाच किनाऱ्यावर कुंपण बदलले की पहारेकरीही बदलतो. मासा काही कुंपण ओळखत नाही.

बाहेरच्या जगात स्वतंत्र तपासणीच्या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठे व्यासपीठ मिळाले ते जपानच्या फुकुशिमात. तिथल्या अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर साठलेले 13 लाख घनमीटरहून अधिक पाणी शुद्ध करून 24 ऑगस्ट 2023 पासून टप्प्याटप्प्याने समुद्रात सोडले जात आहे. विसर्गात ट्रिटियम लिटरला 1,500 बेकरेलपेक्षा कमी आणि वर्षाला एकूण 22 लाख कोटी बेकरेलपेक्षा कमी ठेवायचे, अशी मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेली मार्गदर्शक पातळी लिटरला 10,000 बेकरेल आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जागेवर कार्यालय थाटले आणि एकाच नमुन्याचे भाग करून ते जपानी, स्वतःच्या आणि इतर देशांच्या प्रयोगशाळांत मोजून घेतले. चीनचे एवढ्याने समाधान झाले नाही. सप्टेंबर 2024 च्या समझोत्यानंतर चिनी तज्ज्ञांनाही नमुने घेण्यात सहभाग मिळाला. ज्याचा आक्षेप सर्वांत कडवा, त्याच्याच हाती नमुन्याची बाटली देणे, हा यातला शिकण्यासारखा भाग.

फ्रान्समध्ये हेच काम नागरिकांनी केले. चेर्नोबिलनंतर 1986 मध्ये स्थापन झालेल्या ‘अक्रो’ या संस्थेचे स्वयंसेवक नद्यांचे नमुने घेतात आणि संस्था स्वतःच्या प्रयोगशाळेत ते मोजते. जानेवारी 2019 मध्ये ल्वार नदीवरच्या सोमूर येथे त्यांना लिटरला 310 बेकरेल ट्रिटियम आढळले. हे प्रमाण धोक्याचे नव्हते, पण ज्या पातळीपुढे युरोपीय नियम कारण शोधायला सांगतात त्या 100 बेकरेलच्या ते तिप्पट होते.

अशी व्यवस्था तारापूरला उभी करायला नवे विज्ञान लागत नाही. गॅमा मोजणीयंत्रे आणि ती चालवणारे प्राध्यापक देशातल्या विद्यापीठांत आहेत. घिवली, दांडी, उच्छेळी इथल्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या प्रतिनिधींसमोर नमुना घ्यावा, त्याचे तीन सीलबंद भाग करावेत, एक सरकारी प्रयोगशाळेला, एक विद्यापीठाला द्यावा आणि एक वादाच्या वेळेसाठी जपून ठेवावा. भरती-ओहोटीची वेळ, जागा आणि माशाची स्थिती नोंदवून दोन्ही प्रयोगशाळांचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. सुक्या मासळीचे नमुने पावसाळ्यापूर्वी, वलांड्या भरलेल्या असताना घ्यावेत आणि त्यातले काही शहापूर-मुरबाडच्या बाजारातूनच उचलावेत.