बर्फावर उभा राहिलेला स्नॅपरचा धंदा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आमच्या घरचा बर्फाचा कारखाना आहे. त्यामुळे मासेमारीचा इतिहास वाचायला घेतला की माझी नजर आधी बर्फावर जाते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोला बंदरानं रेड स्नॅपरवर पैसा केला, तो बर्फाच्या जोरावर. तिथल्या गोष्टींत मात्र मान मिळतो कप्तानांना.

रेड स्नॅपर हा आपल्या तांबोशीचा भाऊबंद. दोघं एकाच वंशातले, हा अंगानं जास्त लालभडक. मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळाशी राहतो. क्यूबाचे निसर्गशास्त्रज्ञ फेलिपे पोए यांनी 1860 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, ते मेक्सिकोच्या कांपेचे किनाऱ्यावरून.

बर्फ मिळत नव्हता तेव्हा हा मासा जिवंतच न्यावा लागे. उत्तरेकडून, कनेक्टिकटकडून शिडाची गलबतं आखातात उतरायची. त्यांच्या पोटात मधोमध हौद असे आणि हौदाच्या तळाला भोकं, म्हणजे समुद्राचं पाणी आतबाहेर खेळतं राहायचं. खोल पाण्यातून ओढून वर काढलेल्या स्नॅपरची पोटातली हवेची पिशवी फुगते आणि तो उलटा तरंगायला लागतो. खलाशी ती टोचून हवा काढून टाकत आणि मग मासा हौदात सोडत. असा मासा हवाना आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात जायचा. पाणी तापलं की हौदातला माल मरायचा, म्हणून भर हंगाम थंडीचा.

मग बर्फ आला. आधी आला तो उत्तरेतल्या गोठलेल्या नद्यांचा, भुशात गाडून जहाजानं आणलेला. बोस्टनकडचा असाच बर्फ एके काळी आपल्या मुंबईलाही यायचा, त्यासाठी किल्ल्यात खास बर्फघर होतं. यंत्राच्या बर्फाचा एक मूळपुरुष तर पेन्साकोलाच्याच किनाऱ्यावरचा. अपालाचिकोलाचे डॉक्टर जॉन गॉरी. तापाच्या रोग्यांच्या खोल्या गार ठेवायच्या म्हणून त्यांनी हवा दाबून आणि मग पसरू देऊन बर्फ बनवणारं यंत्र केलं, 1851 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पैसा उभा राहिला नाही आणि 1855 मध्ये ते गेले. आमच्या कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर चालतो, तत्त्व त्याच घराण्यातलं. मी या माणसाला फार मानतो.

1870 च्या दशकात पेन्साकोलात बर्फ आणि रेल्वे दोन्ही हाताशी आली आणि धंदा फोफावला. मासा जिवंत राखायची गरजच उरली नाही. बर्फात दाबलेला स्नॅपर न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागला. तिथल्या फुल्टन मार्केटचे मासळीचे व्यापारी यूजीन ब्लॅकफर्ड यांचं नाव 1878 मध्ये याच माशाला दिलं गेलं. पोएंनी आधीच नाव दिलंय हे ध्यानात आल्यावर ते मागे पडलं.

या खलाशांचं कसब ओळंब्यात होतं. शिशाच्या ओळंब्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी किंवा साबण भरायचा. वीस-तीस वाव खाली सोडून वर ओढला की चरबीला चिकटलेली वाळू, शिंपल्यांचा चुरा, पोवळ्याचे कण बघून कप्तान ठरवायचा, इथे गळ टाकायचा की पुढे जायचं. कुठल्या चुऱ्यावर स्नॅपर बसतो हे त्याला ठाऊक असे.

पण बर्फानं पल्ला वाढवला तशी जवळची ठिकाणं ओस पडत गेली. 1885 मध्ये सरकारी जहाज ‘अल्बट्रॉस’ स्नॅपरची ठिकाणं तपासायला आखातात आलं होतं. पुढे गलबतं आखात ओलांडून कांपेचेला जाऊ लागली. रेड स्नॅपर पन्नास वर्षांहून जास्त जगतो. जुनी, मोठी मादी एकदा उचलली की तिची जागा भरायला दशकं लागतात. माझ्या मते हा धंदा गळानं नाही, गळामागच्या बर्फानं पोखरला. माझाच माल असला तरी हे मला म्हणावंच लागतं. 1906 च्या सप्टेंबरात वादळानं पेन्साकोलाचा ताफा किनाऱ्यावर आणून आपटला. तो घाव मोठा होता, पण तळ त्याआधीच रिकामा होत होता.

पुढे मासा कातडी काढलेल्या तुकड्यांत विकला जाऊ लागला आणि लाल रंगाची खूणच गेली. मग नाव घ्यायला कुणीही मोकळं. 2004 मध्ये ‘नेचर’मध्ये एक तपासणी छापून आली. अमेरिकेतल्या दुकानांतून रेड स्नॅपर म्हणून घेतलेल्या माशांचा डीएनए पाहिला, तर सुमारे 77 टक्के भलत्याच जातींचे निघाले. आखातात 2007 पासून व्यावसायिक मच्छीमारांना माणशी कोटा ठरवून दिलाय आणि साठा पुन्हा वाढतोय. ते चांगलंच झालं, पण ताटातला तुकडा खरा की खोटा हे कोट्यानं कळत नाही.

आमच्या बंदरावरच्या लिलावात मासा अख्खा असतो, डोक्याखवल्यांसकट. तिथे तांबोशी म्हणून दुसरं काही खपवायची कुणाची छाती नाही, बायका गालफड उचलून बघतात. फसवणुकीला जागा मिळते ती पुढच्या तुकड्यांत. बाहेरगावी माल धाडणारे व्यापारी आमच्याकडून बर्फ भरून नेतात, त्यांना मी सांगतो, तुकडे करा, पण एका बाजूची कातडी राहू द्या. काहीजण ठेवतात.