टोपी उलटी करणारा मॅनेजर

स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिही’ असा निरोप आला, तेव्हा मी संगणकाचा इतिहास लिहीन असं बहुतेकांना वाटलं असणार. संगणक मला दिवसभर पुरतो. मी लिहिणार आहे बेसबॉलच्या मॅनेजरांच्या रागाविषयी. का, ते आपल्या सॉफ्टबॉल संघातल्या मुलींना लगेच कळेल. बाकीच्यांनी जरा धीर धरावा.

क्रिकेटचा प्रशिक्षक सीमारेषेबाहेर बसून चडफडतो. बेसबॉलचा मॅनेजर मात्र, पोट सुटलेलं असो की साठी उलटलेली असो, खेळाडूंचाच गणवेश घालतो आणि निर्णय पटला नाही की तरातरा मैदानात येतो. पंच त्याला हाकलून देऊ शकतात. बॉल की स्ट्राइक यावर वाद घालायला तर नियमानेच बंदी आहे. तरी भांडणं होत आली, आणि लोक ती पैसे देऊन बघत आले.

या मंडळींचा मेरुमणी म्हणजे अर्ल वीव्हर. १९६८ ते १९८२ आणि पुन्हा १९८५-८६ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर. बुटका, घोगऱ्या आवाजाचा. नव्वदहून अधिक वेळा मैदानाबाहेर काढला गेला. एकदा तर एकाच दिवशी लागोपाठ असलेल्या दोन्ही सामन्यांतून! भांडताना तो टोपी उलटी फिरवायचा. टोपीचं टोक पंचांना लागलं तर तो स्पर्श ठरणार. टोक मागे गेलं की नाकाला नाक भिडवता येतं. १९७७ मध्ये टोरांटोला पिचरांच्या सरावाच्या जागेवरची ताडपत्री काढेनात, म्हणून त्याने संघच मैदानातून परत नेला आणि सामना घालवला.

सगळ्यात गाजलं ते १७ सप्टेंबर १९८०चं भांडण. पंच बिल हॅलर यांच्या अंगावर टीव्हीच्या कार्यक्रमासाठी मायक्रोफोन होता. पहिल्याच डावात त्यांनी पिचरची हालचाल नियमबाह्य ठरवली आणि वीव्हर धावत आला. पुढची काही मिनिटं दोन मोठी माणसं एकमेकांना खोटारडा म्हणत होती. (बाकीचे शब्द आपल्या बाई वाचणार आहेत म्हणून गाळते.) पुढे हॉल ऑफ फेममध्ये कोण असेल ते बघू, असं वीव्हरने ऐकवलं आणि हॅलरनी त्याची टर उडवली. १९९६ मध्ये वीव्हर हॉल ऑफ फेममध्ये गेला. आपण दहावी झालो ते वर्ष.

पण मला आवडतो तो दुसरा वीव्हर. कोणता फलंदाज कोणत्या पिचरपुढे कसा खेळला, याच्या नोंदी तो संगणक नसलेल्या काळात कार्डांवर ठेवायचा आणि त्यावरून संघ ठरवायचा. १९७०ची वर्ल्ड सीरिज त्याने जिंकली. १९८७ मध्ये त्याच्या नावाचा संगणकीय खेळसुद्धा निघाला. मैदानाच्या कडेला तो आणि मैदान सांभाळणारा मिळून टोमॅटो लावत, हेही खरं. असला हिशेबी माणूस दर खेपेला भान हरपून भांडत असेल? मला तसं वाटत नाही.

बाकीच्यांची हजेरी भराभर घेते. लू पिनिएला: १९९० मध्ये सिनसिनाटीत पहिला बेस उपटून फेकला, मन भरलं नाही म्हणून उचलून पुन्हा फेकला, त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली. बॉबी व्हॅलेंटाइन: १९९९ मध्ये हाकलल्यावर काळा चष्मा आणि खोटी मिशी लावून परत संघात येऊन बसला, दोन सामन्यांची बंदी आणि ५,००० डॉलर दंड. फिल वेलमन हा खालच्या लीगचा, २००७ मध्ये सैनिकासारखा पोटावर सरपटत गेला आणि पिचरची राळेची पिशवी हातबॉम्बसारखी पंचांकडे फेकली. त्याची चित्रफीत ऑफिसात कुणीतरी दाखवली, तिथून मला हे वेड लागलं.

आणि बॉबी कॉक्स. अटलांटाचा. दीडशेहून अधिक वेळा बाहेर काढला गेला, तो विक्रम आहे. पण गडी बेस फेकणारा नव्हे. आपला खेळाडू पंचांवर चिडलाय, आता तोच बाहेर जाणार असं दिसलं की हा मध्ये घुसायचा आणि स्वतः बाहेर जायचा. खेळाडू राहायचा.

हे वाचलं तेव्हा मला १९९५ची आंतरशालेय उपांत्य फेरी आठवली. मी घसरत दुसऱ्या बेसवर पोचले होते, पाय आधी लागला होता. पंचांनी बाद दिलं. मी रडत उभी. सर कडेवरूनच म्हणाले, “चल, ये बाहेर.” आपण एका धावेने हरलो. मी पंधरा दिवस सरांशी बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर राग त्यानंतरही बरीच वर्षं होता.

आता हे सगळं कमी होत चाललंय. २०१४ पासून मॅनेजर चित्रफीत बघायला लावू शकतो, आणि तो निर्णय आल्यावर वाद घातला की थेट बाहेर. २०२६ पासून बॉल-स्ट्राइकलाही यंत्राकडे दाद मागता येते. तीही फलंदाज, पिचर किंवा कॅचरनेच मागायची, मॅनेजरने नाही. माझ्या धंद्यातल्या लोकांनीच हे केलं आहे. निर्णय सुधारले, यात शंका नाही.

गेल्या वर्षी माझ्या टीममधल्या एका मुलीवर दुसऱ्याची चूक ढकलली गेली. मी मीटिंगमध्ये गप्प राहिले. नंतर वरिष्ठांना एकटं गाठून अर्धा तास बोलले, ते तिला माहीत नाही. आठवडाभर ती माझ्याकडे बघत नव्हती.

सर, स्मरणिकेची प्रत तुमच्याकडे येईलच. त्या दिवशी सामना संपल्यावर तुम्ही कडुलिंबाखाली त्या पंचांशी बराच वेळ बोलत होता. आम्ही टेम्पोत बसून बघत होतो. काय बोललात?