स्पर्श आणि रोध

विजेचे खांब, तारा आणि दिवे सर्वांना दिसतात. परंतु विजेच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण अशा जागीं घडलें कीं, ती जागा सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीं. धातूचे दोन तुकडे जेथें एकमेकांस टेकतात, ती ही जागा. बटन दाबलें, तुकडे टेकले, दिवा लागला. त्या टेकण्याचा अधिक विचार कोणी करीत नाहीं. धातूला धातू लागला कीं वाट मोकळी झाली, हीच सर्वसाधारण समजूत. ती समजूत अपुरी आहे हें पुरतें उलगडण्यास सुमारें साठ वर्षें लागलीं.

या कथेचा आरंभ एका खेळण्यासारख्या प्रयोगानें होतो. १८७८ सालीं लंडनमध्यें डेव्हिड ह्यूज यानें दोन लोखंडी खिळे शेजारीं शेजारीं मांडले, तिसरा त्यांवर आडवा टाकला आणि त्यांतून विजेचा प्रवाह सोडला. जवळ कोणी बोललें कीं आडवा खिळा किंचित् थरथरे, स्पर्श कमीअधिक घट्ट होई, त्याबरोबर प्रवाहाला होणारा रोध बदले, आणि दूर जोडलेल्या टेलिफोनांत शब्द उमटे. पुढें खिळ्यांच्या जागीं कोळसा आला. नभोवाणीच्या आरंभीच्या काळांत कित्येक वक्त्यांचा आवाज कोळशाच्या कणांमधील असल्याच सैल स्पर्शांतून श्रोत्यांकडे गेला. परंतु जो सैलपणा मायक्रोफोनचा प्राण, तोच वीजपुरवठ्याचा काळ ठरणार होता.

एडिसनचें न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजीं सुरू झालें. तत्पूर्वींच, १८८० सालीं, त्यानें फ्यूजचें पेटंट घेतलें होतें. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं ही नाजूक तार स्वतः वितळून जाई आणि घर वाचवी. परंतु प्रत्येक वेळीं नवी तार बसवावी लागे. आणि वारंवारच्या कटकटीला कंटाळून तेथें जाड तार अडकवून मोकळें होण्याचा मोह माणसाला आवरत नसे. पहारेकऱ्याला अफू घालून झोपविण्यासारखाच हा प्रकार! म्हणून पुन्हां पुन्हां कामास येणारा पहारेकरी हवा होता. मॅनहाईमच्या ह्यूगो स्टोट्झ याच्या कारखान्यानें १९२४ सालीं उष्णता आणि चुंबक या दोहोंनीं सुटणाऱ्या लहान सर्किट ब्रेकरचें पेटंट मिळविलें. अमेरिकेंत वेस्टिंगहाऊस कंपनींतील जोसेफ स्लेपियन या मूळच्या गणितज्ञानें त्याच दशकांत दुसरा प्रश्न सोडविला. काँटॅक्ट अलग होतांना त्यांच्यामध्यें जो धगधगता आर्क पेटतो, त्याचे धातूच्या पट्ट्यांनीं अनेक तुकडे करून त्यानें तो विझविला. आणि १९०७ सालीं लिओ बेकलँड यानें शोधलेल्या बेकलाईटनें या सर्व यंत्रणेला साच्यांत ओतलेलें बंद घर दिलें. यांतून मोल्डेड केस ब्रेकर आकारास आला.

या बंद घरानें मनुष्याचें रक्षण केलें खरें. पण त्याबरोबर काँटॅक्ट डोळ्यांआड झाले. पूर्वीच्या संगमरवरी फळ्यांवरील उघड्या स्विचांचें तांबें काळवंडलें तर दिसे. आतां आंत काय चाललें आहे हें बाहेरून कळेना. त्यामुळें स्पर्शाचा स्वभाव जाणणें ही निव्वळ जिज्ञासेची बाब न राहतां सुरक्षिततेची गरज झाली.

तो स्वभाव शोधण्यासाठीं ज्यानें आयुष्य वेंचलें, तो स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म. बर्लिनमध्यें सीमेन्स कंपनींत केलेल्या दीर्घ संशोधनाचें फळ म्हणून १९४१ सालीं त्याचा जर्मन ग्रंथ निघाला आणि १९४६ सालीं इंग्रजी. केंब्रिजमध्यें बाउडन आणि टेबर यांनींही १९३९ सालीं विजेच्याच साह्यानें स्पर्शाचें खरें क्षेत्रफळ मोजलें होतें. दोहोंकडून निष्कर्ष एकच निघाला: पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केला तरी तो सूक्ष्म उंचवट्यांनीं भरलेला असतो. एका किसणीवर दुसरी पालथी घातली तर मोजकीं टोकेंच भिडतात. तसेंच येथें होतें. दहा किलोग्रॅम दाबानें कठीण तांब्याचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले, तर खरा स्पर्श अवघ्या एक दशांश चौरस मिलिमीटरवर होतो. जत्रेची सारी गर्दी गाभाऱ्याच्या लहान दारांतून शिरावी, तसा सगळा प्रवाह त्या टोकांशीं दाटतो. स्पर्शरोधाच्या मोठ्या भागाला ही दाटीच कारण आहे.

यांतून एक चमत्कारिक गोष्ट निघते. काँटॅक्टचें तोंड दुप्पट रुंद केलें, पण स्प्रिंगचा दाब तोच ठेवला, तर रोधांत फारसा फरक पडत नाहीं. कारण खरें क्षेत्रफळ दाबानें आणि धातूच्या कठीणपणानें ठरतें, दिखाऊ रुंदीनें नव्हे. उलट स्प्रिंग ढिली पडून दाब चौथाईवर आला, तर या दाटीचा रोध दुप्पट होतो. ब्रेकरचें आरोग्य मोठ्या अंशीं त्या लहानशा स्प्रिंगवर अवलंबून असतें, तें यामुळेंच.

दुसरा शत्रू म्हणजे पापुद्रा. तांब्यावर हवेनें जो ऑक्साईडचा थर चढतो, तो वीज नीट वाहूं देत नाहीं. चांदीचा ऑक्साईड मात्र साधारण दोनशें अंश उष्णतेला विघटन पावतो, म्हणून मोठ्या प्रवाहाचे काँटॅक्ट चांदीचे किंवा चांदी आणि टंगस्टनच्या मिश्रणाचे करतात. चांदी उत्तम वाहक. टंगस्टन आर्कपुढें टिकणारा. घरांतील चांदीचीं भांडीं जशीं काळवंडतात, तसे हे काँटॅक्टही काळवंडतात. म्हणून मिटतांना ते एकमेकांवर किंचित् घासून स्वतःला पुसतील अशी रचना करावी लागते.

हिशेब सोपा आहे. शंभर अँपिअर प्रवाह आणि ओहमच्या दशलक्षांशाच्या शंभरपट रोध, म्हणजे एक वॉट उष्णता. रोध दसपट झाला कीं बंद पेटींत नखाएवढ्या जागीं दहा वॉट. उष्णतेनें पृष्ठभाग गंजतो, स्प्रिंग मऊ पडते, रोध आणखी वाढतो. चक्र सुरू होतें. ही उष्णता शेजारच्या द्विधातूच्या पट्टीपर्यंत पोंचून ब्रेकर अकारण सुटूं लागतो, आणि माणसें त्याला नादुरुस्त म्हणतात. वस्तुतः तो इशारा देत असतो.

म्हणून बंद पेटीची नाडी बाहेरून पाहावी लागते. काँटॅक्ट मिटवून त्यांतून पुरेसा मोठा एकदिश प्रवाह सोडतात आणि दोन टोकांमधील व्होल्टची अल्पशी घट मोजतात. साध्या मीटरचा क्षीण प्रवाह येथें कामाचा नाहीं. त्याच्या स्वतःच्या तारांचा रोधच त्या मोजमापाला गिळून टाकतो. ब्रेकरच्या तीन ध्रुवांचे आंकडे शेजारीं ठेवून पाहतात. एखादा सर्वांत कमी आंकड्याच्या दीडपटीहून अधिक निघाला, तर त्याची चौकशी करावी, असा प्रघात आहे.

हें शास्त्र दुर्लक्षिल्याची किंमत अमेरिकेनें दिली. तांब्याची महागाई चुकविण्यासाठीं १९६५ ते १९७३ च्या सुमारास तेथें अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. तारेंत दोष नव्हता, दोष जोडांत होता. ॲल्युमिनियमचा ऑक्साईड कठीण आणि रोधक, आणि दाबाखालीं ही धातू हळूहळू सरकून जोड ढिला करते. १९७२ पूर्वींच्या अशा तारांच्या घरांत एखादा जोड आगीच्या धोक्यास पोंचण्याची शक्यता तांब्याच्या घरांहून पंचावन्न पट अधिक असल्याचें सरकारी आयोगानें करविलेल्या पाहणींत आढळलें.

होल्म युद्धोत्तर काळांत अमेरिकेस गेला. पत्नी एल्से हिच्या सहकार्यानें त्यानें आपला ग्रंथ वाढवीत नेला. १९६७ ची आवृत्ति निघाली तेव्हां तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता, आणि १९७० सालीं तो निवर्तला. त्याच्या नांवाची परिषद १९५३ पासूनच्या परंपरेची आहे. ज्या दाटीमुळें रोध निर्माण होतो, त्याच दाटीमुळें शॉर्ट सर्किटच्या क्षणीं काँटॅक्ट एकमेकांस दूर लोटतात, हेंही या अभ्यासांतून स्पष्ट झालें. आणि पुढील काळांतील ब्रेकरांनीं प्रवाहांतील अशा प्रतिसारणालाच कामास लावून आपत्ति तिच्या शिखरास पोंचण्यापूर्वींच तोडली. जो दोष म्हणून मोजला गेला, त्याचाच जाणत्यांनीं असा उपयोग करून घेतला. घरोघरींच्या त्या काळ्या पेट्या आजही मूकपणें हें काम करीत आहेत. त्यांपैकीं एखादी हाताला ऊन लागूं लागली, तर तिचें म्हणणें वेळींच ऐकणें एवढेंच घरच्या मंडळींच्या हातीं राहतें.