गुणांक, सीमा आणि गंजाड

भिवंडीत यंत्रमाग, तारापूरला रसायने, डहाणूत फुगे. एखादा उद्योग एकाच ठिकाणी का दाटतो, याची कारणे अल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये मांडली: कसबी माणसे मिळतात, जोडधंदे शेजारी उभे राहतात, मुले पाहतापाहता शिकतात. पण दाटी मोजायची कशी? बर्मिंगहॅमचे अर्थशास्त्रज्ञ सार्जंट फ्लॉरेन्स यांनी 1930-40 च्या दशकांत एक सोपा गुणांक रूढ केला. समजा, राज्यातील दर 100 कामगारांपैकी 2 यंत्रमागावर आहेत आणि एका शहरात 30. तर 30 भागिले 2, म्हणजे गुणांक 15. तो 1 पेक्षा जितका मोठा, तितकी दाटी अधिक.

भागाकार प्राथमिक शाळेतलाच. खरी अडचण सीमेची आहे. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत भिवंडी, तारापूर आणि डहाणू-तलासरीचे आदिवासी पाडे एकाच ठाणे जिल्ह्यात होते. जिल्हा हे एकक धरले की गंजाडही कागदावर कारखान्यांच्या मुलखात जाई. शहरांचे गट केले तरी पेच उरतोच. रेल्वेने बोईसर ते वापी अंतर सुमारे 70 किलोमीटर; दोन्ही टोकांना रसायन उद्योग. त्यांचा एक गट केला, तर मधला डहाणू आपोआप त्यात येतो. वास्तविक 20 जून 1991 च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव केला. मधली ही फट कायद्याने ठेवलेली आहे, हे गुणांकाला कळत नाही.

आता गंजाडच घेऊ. लग्नाचा चौक लिहिणे हे पूर्वी सवाशिणींचे काम. 1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी वारली चित्रकारांना कागद पुरवला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रे काढू लागले; 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पाहून घरचे शिकले, शेजारचे शिकले. मार्शलच्या वर्णनाशी हे किती जुळते!

पण जनगणनेत मुख्य काम ठरते ते वर्षातील बहुतेक काळ केलेले. पावसाळ्यात भात लावणारा आणि एरवी चित्रे काढणारा माणूस सहज शेतकरी म्हणून नोंदला जातो. मग गुणांकाचा अंशच आटतो. आणि कर्ज, प्रशिक्षण, विक्रीकेंद्र यांची मागणी अशाच आकड्यांवर उभी राहते, म्हणून आम्हाला ही बाब किरकोळ वाटत नाही. उलट फसगतही होते. समजा, राज्यात लाखामागे 10 चित्रकार आहेत आणि एका पाड्यातील 200 कामकऱ्यांत 2. गुणांक 100! दोन माणसांचा उद्योगसमूह.

वर्गात हा गुणांक काढायचा असेल, तर विद्यार्थ्यांना ‘धंदा कोणता?’ असे विचारायला पाठवू नये. ‘चैत्रात काय करता, आषाढात काय करता?’ असे बारा महिन्यांचे कोष्टक घरोघरी भरून आणावे. मगच भागाकार करावा.