गड, सिंह आणि ‘पण’

काशीच्या दूधविनायक भागात मराठी घरे जुनी आहेत. परंतु घरांतील मुलांच्या मराठी वाक्यांना हिंदीचे सांधे बसू लागले आहेत. आमच्या चिरंजीवांनी परवा हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे नाव ‘गड आला लेकिन सिंह गेला’ असे ठणकावून सांगितले. घरात हशा पिकला. हसे ओसरल्यावर मनात आले, की एवढा एक शब्द बदलल्याने नेमके बिघडते ते काय?

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले. सभासदाच्या बखरीत हा प्रसंग आहे. कृष्णाजी अनंताने ती १६९७ च्या सुमारास जिंजीस, राजाराम महाराजांच्या आश्रयास असता लिहिली; म्हणजे तीही आपल्यासारखीच परमुलखात बसून लिहिलेली. तेथे शिवाजी महाराजांच्या उद्गारांत सिंह नाहीच. एक गड हाती आला आणि एक गड गेला, असा तो हिशेब आहे; मध्ये ‘परंतु’ उभा आहे. माणूसच गड! मला तर ही कल्पना सिंहाहूनही थोर वाटते. शिवाय ‘सिंहगड’ हे नाव १६६३ च्या पत्रातही आढळते. तेव्हा तानाजींवरून ते पडले, ही समजूत टिकत नाही.

‘परंतु’ हा संस्कृतातला, दरबारात शोभणारा शब्द. ज्ञानेश्वरांच्या ओवीत हेच काम ‘परी’ करते. ‘पण’ मात्र ‘पुनः’पासून प्राकृताच्या वाटेने झिजत आलेला, चुलीपाशीही चालणारा. हरिभाऊंनी विसाव्या शतकाच्या आरंभी मथळ्यासाठी तोच पत्करला, आणि कथेची वळणेही त्याच्याच जातीची आहेत. कमळकुमारी सती जाण्यास सिद्ध होते, पण उदयभानू तिला बळाने कोंढाण्यावर आणतो. रायबाचे लग्न ठरते, पण मोहीम पुढे येते. लग्न आधी की गड आधी, या पेचातून तानाजी लग्नाला ‘मग’ म्हणून सुटतात. त्यांच्यापुरते ते ‘मग’ कधी उगवतच नाही.

आम्हां कारकुनांना हे लवकर उमगते. टिप्पणीतील ‘परंतु’च्या आधीचा मजकूर साहेब वाचीत नाहीत, खरा निर्णय त्याच्या पुढे असतो. ‘सिंह गेला पण गड आला’ असे म्हटले असते, तर शब्द तेच राहून ते सांत्वन झाले असते. विजय आधी सांगून शोक शेवटी ठेवला, म्हणून तो कानांत राहतो.

‘लेकिन’नेही व्याकरण साधते, आणि तो परका म्हणून माझा राग नाही, आपण रोज लिहितो तो ‘व’सुद्धा अरबी-फारसीतूनच आला. पण ‘लेकिन’ या मुलाला गल्लीत मिळाला, आणि ‘पण’ देणे आमच्याकडे होते. ते राहून गेले.

चिरंजीवांच्या हाती आता मूळ पुस्तक दिले आहे. काल रात्री ते रायबाच्या लग्नापर्यंत आले होते.