पहिली जुनी गाडी फियाटच का?

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत एका काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. मुंबईत नोंदली गेलेली ती शेवटची पद्मिनी टॅक्सी. टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर 2023 संपता संपता तीही रस्त्यावरून उतरली आणि वर्तमानपत्रांत हळहळीचे रकाने भरले. जुनी गाडी हौसेनं उभी करायला निघालेल्यानं मात्र ती बातमी जरा वेगळ्या नजरेनं वाचावी. त्याची निवड या टॅक्सीनंच बरीचशी सोपी करून ठेवली आहे.

ही पद्मिनी म्हणजे मूळची फियाटच, आणि तिची गोष्ट सुरू होते उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यापासून. ते मूळचे सोलापूरचे. जहाजं आणि विमानं यांच्या जोडीनं मोटारही देशातच बनावी हा त्यांचा ध्यास. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. आधी क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी सोयरीक जुळली. 1954 च्या सुमारास आलेली फियाट 1100 इटलीत ‘मिलेचेंतो’ म्हणून ओळखली जाई. आपल्याकडे तिचं गुबगुबीत नाकाड पाहून लोकांनी बारसं केलं ‘डुक्कर फियाट’. तिची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली.

त्यानंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, 1964 मध्ये ‘डिलाइट’, फियाटशी करार संपल्यावर ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’. नावं बदलली, जाळी बदलली, दिवे बदलले. डिलाइटपासून पेट्रोल पद्मिनीपर्यंत 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मात्र मुळात तेच राहिलं. परवाना राजमध्ये गिऱ्हाईकच नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत होतं, मग कंपनीनं कशाला नवं काही करायचं? त्या काळच्या लोकांनी याबद्दल कंपनीला यथेच्छ शिव्या दिल्या असतील. आजच्या हौशी माणसाच्या हेच पथ्यावर पडतं, कारण अनेक सुटे भाग एका सालच्या गाडीतून काढून दुसऱ्या सालच्या गाडीत बसतात.

त्यात टॅक्सीची भर पडली. अहोरात्र धावणाऱ्या हजारो टॅक्सी म्हणजे अहोरात्र दुरुस्ती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकानं वाढली, गल्लोगल्ली मिस्त्री तयार झाले. डोळे मिटून कार्ब्युरेटर खोलणारे, स्टिअरिंगजवळच्या गिअरचा दांडा हलवून कोणता बुश झिजलाय ते सांगणारे. पहिल्यांदाच हात काळे करणाऱ्याला पुस्तकापेक्षा असा माणूस जास्त उपयोगी पडतो.

मग अँबेसेडर का नको? घ्यावी की. ती 1957 ते 2014 इतकी दीर्घायुषी, सुट्या भागांची ददात नाही. फक्त ती थोराड आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने खोलून ठेवायला अडचणीची. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड शिकायला खरं तर सर्वांत सोयीची. तिला वेगळी चासी आहे, आणि बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं, त्यामुळे इंजिनाशेजारी बसून काम करता येतं. पण तिचे भाग शोधण्यात वर्षं जातात, आणि नवखा माणूस नेमका तिथेच कंटाळतो.

फियाटला वेगळी चासी नाही. सगळा भार पत्र्यावर. म्हणून ही गाडी निवडताना इंजिन सुरू होतं की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. इंजिन उतरवून बांधता येतं, कुजलेली बॉडी पाकीट रिकामं करते. दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत दिसली तरी रबरी मॅट उचलून पाहावी. खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं आणि ते भसकन आत गेलं तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावं. दाराखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ, सगळं चाचपावं. मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डवरून फिरवावं. ते जिथे सुटतं तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा थर आहे. दार अर्धं उघडून सोडावं. ते खाली लोंबलं आणि बंद करताना उचलावं लागलं तर एकतर बिजागऱ्या गेल्यात, नाहीतर खांबच सडलाय.

कागदांबाबत कुणाची भीड धरू नये. आरसी बुकातला चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळलाच पाहिजे. खाजगी गाडीच्या नोंदणीचं 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण होतं, पर्यावरण कर भरावा लागतो. विक्रेत्यानं ते केलेलं नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या बिगरव्यापारी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा मोजक्या कारणांनाच ती रस्त्यावर येऊ शकते. शिवाय बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठे फेरफार केले असतील तर तो दर्जा मिळत नाही.

डुक्कर फियाट देखणी आहे यात वाद नाही. पण तिच्या काचा, रबरं आणि क्रोमच्या पट्ट्या मिळवताना भल्याभल्यांची दमछाक होते. पहिली गाडी म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातली, एकाच मालकाच्या हातात राहिलेली, पत्र्यानं खणखणीत पेट्रोल पद्मिनी घ्यावी. आणि टॅक्सी गेल्या तसे त्यांचे मिस्त्रीही हळूहळू धंदा सोडताहेत, तेव्हा घ्यायचीच असेल तर फार वर्षं विचार करत बसू नये.